पहाऱ्याची वही

आज ओहोटी पहाटे तीनला दहा कमी असताना.
उधाणाची आहे, म्हणजे पाणी पार लांब जाणार,
एस्तेबोच्या बुडालेल्या होडीचा कणासुद्धा उघडा पडणार.
अशाच रात्री चोर येतात.

आम्ही चौघी.
थर्मासमध्ये कॉफी, आणि कॉफीत
दोसिंदाने जे काही ओतलंय ते.
एक विजेरी, एक वही,
आणि प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याला ओवलेली
पितळी कडी: अडतीस मिलिमीटर.
तिसरी कडीतून आरपार पडली, तर ती लहान,
तिला परत वाळूत सोडायची.
अडकली तर टोपलीत.
गालिसियाच्या या खाडीचा सगळा कायदा एवढाच,
आणि तो आम्ही गुडघाभर चिखलात उभं राहून केला.
सरकारी माणसाने सान्तियागोहून येऊन
नंतर तो नुसता टंकला.

त्याआधीची वर्षं मला आठवतात.
ज्याच्या हाती दंताळं तो धनी.
नखाएवढ्या तिसऱ्यासुद्धा पोत्यापोत्यानं जायच्या.
मग एका हिवाळ्यात
दिवसभर वाळू उपसून माझ्या बादलीत सतरा.
मोजल्या, कारण दुसरं काम उरलं नव्हतं.
एरुंदिना म्हणाली, आता काय वाळूच शिजवायची?
कोणी हसलं नाही.
त्याच संध्याकाळी लिलावाच्या छपराखाली
बायकांनी भांडून भांडून ठरवलं:
दोन वर्षं अर्धी खाडी बंद.
पुरुष म्हणाले, महिनाभरही टिकणार नाही.
अगदीच चूक नव्हते ते. पहिला महिना
आम्ही एकमेकींवरच पहारा केला.

दोन वाजून गेल्यावर
निलगिरीच्या बाजूने एक सावली उतरली,
ओणवी झाली.
खरवडण्याचा आवाज आला,
जो मी झोपेतही ओळखते.
विजेरी मीच लावली.

उजेडात शियान. बाल्बिनाचा धाकटा.
पायात रबरी बूट, तेही तिचेच.

दोसिंदा पुटपुटली, विझव ती, पोरगं आहे.
खरं सांगते, माझा अंगठा बटणावर गेला होता.
पण वही बाल्बिनाकडे होती, आज तिची पाळी.
तिने पेन्सिलीच्या टोकाला थुंकी लावली.

आमच्याकडे माणसाला दोन आडनावं असतात,
आधी बापाचं, मागून आईचं.
तिने तारीख लिहिली. वेळ लिहिली.
शियान लिहिलं. नवऱ्याचं आडनाव लिहिलं,
तो जाऊन नऊ वर्षं झाली.
मग थांबली.
मग स्वतःचंही लिहिलं, अक्षर अक्षर गिरवून,
शाळेत पहिल्यांदा लिहावं तसं.

गळ्यातली कडी काढून तिने त्याच्या हातात ठेवली.
"मोज."

पोतं उपडं करून तो मोजत बसला.
पडली. पडली. पडली. अडकली. पडली.
थंडीने त्याची बोटं जांभळी झाली होती,
आणि माझ्या हातातली विजेरी घेऊन
तीच त्याला उजेड धरून उभी.

लहान तिसऱ्या वाळूवर ठेवल्या की
आधी मेल्यासारख्या पडून राहतात.
मग शिंपेच्या फटीतून पांढरा पाय निघतो,
जिभेसारखा,
वाळू चाचपतो,
आणि बघता बघता अख्खी तिसरी उभी राहून आत जाते.
मागे टाचणीएवढी दोन भोकं.
शियानने याआधी हे कधी पाहिलं नसावं.
दोन-तीनदा तो मोजायचाच थांबला.

शुक्रवारी बैठक आहे, दंडाचं तेव्हा ठरेल.
पोत्यातल्या अकरा मात्र कडीत अडकल्या, मापाच्या.
त्या अकरा कोणाच्या, यावर आम्ही
परतताना चढणभर भांडलो.
पाणी तोवर पलटलं होतं.
शियान मागून येत होता,
आईचे बूट वाजवत.