सव्वा वीत

शिंचूचा वारा नवव्या महिन्यात वेडा होतो,
प्रयोगशाळेच्या काचेला धडका देतो.
आत फान युए-मेई भिंगाखाली वाकून
केसाहून बारीक तारा मोजते आहे.
संध्याकाळपर्यंत तक्ता हवा:
वेग, वीज, किंमत, लांबी.

जुन्या बोर्डावर आठ तारा होत्या,
खांद्याला खांदा लावून,
आणि बाजूला ताल देणारी एक.
आठींनी एकदम पाऊल टाकायचं.
एक जरी रेंगाळली
तरी केशरी फळ निळं दिसायचं.

मग जोड्या आल्या.
एक वर तेव्हा दुसरी खाली;
निरोप हिच्याकडे नाही, तिच्याकडेही नाही,
दोघींमधल्या फरकात.
युए-मेईला आईवडील आठवले,
एका ताटावर बसून
दिवसभर न बोलणारे.
ताल देणारी मात्र इथेही वेगळीच, तिचीही एक जोडी.

आणि आता या तिघी.
यांना घड्याळच नाही.
नियम एवढाच, की दर ठोक्याला बदलायचं,
आहे तसं राहायची मुभा नाही.
बदललं म्हणजेच वेळ पुढे गेली.
कमी तारांत जास्त चित्र,
पण जुळवायला बसलं की डोकं उठतं.
तिने लिहिलं: स्वस्त नाही. सुंदर आहे.
मग ‘सुंदर’ खोडलं. रकाना नव्हता त्याला.

लांबी: सव्वा वीत.
फोनच्या पोटात तेवढी पुरते.

शिन्पूत बापाच्या गच्चीवर
सोललेली पर्सिमनं बांबूच्या चाळण्यांत वाळताहेत.
गुडघे गेले, जिना चढवत नाही,
‘मला खालूनच दिसू दे,’ म्हणाला होता आ-शुई.
गच्चीपासून शेडपर्यंत
तिने कापडी टेपने मोजलं होतं. चौदा मीटर.
मोटारींसाठी बेतलेलं एक मानक आहे,
पंधरा मीटर जाणारं.
नमुन्याचं एक किट तिने
साहेबाला विचारून, म्हणजे जवळजवळ विचारून,
घरी नेलं.

रविवारी शेडमध्ये पडदा लागला.
चाळण्या, ऊन, एक माशी,
सगळं लख्ख, एक ठिपका न सांडता.
आ-शुई बराच वेळ बघत राहिला.
मग उठला, कठडा धरला,
आणि एकेक पायरी चढू लागला.

पडद्यावर आधी त्याची टोपी आली,
मग एका फळावर दाबलेला अंगठा,
मग पुढच्या.
खाली युए-मेई एकटीच,
चौदा मीटरच्या या टोकाला.