कुंडीचा पत्ता

लव्हेंडरच्या एका पानात सापडलं.
म्हणजे पानावर दिसत काहीच नव्हतं,
पान नेहमीसारखं राखाडी, तरतरीत.
प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र
एक लॅटिन नाव, जाड ठशात.
"दिसत नाही, तीच तर याची खोड,"
तपासनीस बाई म्हणाल्या.
फिर्मिनोने टोपी काढली, पुन्हा घातली.

दुपारपर्यंत फाटकाला फीत लागली.
नदीपलीकडे पोर्तो शहर होतं तसंच,
कावळ्यापेक्षा उर्मट सीगल, दारूच्या पिंपांचे ट्रक.
अलीकडे आम्ही, आणि नियम:
बूट औषधात बुडवून आत यायचं,
कात्री दर झाडामागे पुसायची
("न्हाव्यासारखी," फिर्मिनो),
गवताच्या काडीवर थुंकीसारखा फेस दिसला
तर त्यात एक पिल्लू असतं,
त्याला पंख फुटायच्या आत कळवायचं.
त्या कुंडीभोवतीचं ठरल्या अंतरातलं
सगळं हिरवं जाळायचं.
उरलेल्यांनी जाळीआड बसायचं, निकाल येईतो.
रोझमेरी, ऑलिव्हची पोरं, ज्यांच्या अंगावर काही नाही तीही.

जाळताना वास इतका चांगला आला
की रस्त्यावरची एक सायकलवाली थांबली.

माझं काम नोंदवहीचं.
कुठली कुंडी, कुठल्या तारखेला, कुणाच्या दारी.
इतकी वर्षं वाटायचं, हे करखात्यासाठी लिहिते.

एकोणचाळीस फोन.
शाळेच्या माळ्याने तासाभरात उपटून पिशवीत बांधली.
खानावळवाल्या बाईंनी आधी पैशांचं विचारलं.
एकीची केव्हाच वाळून गेली होती,
पाणी घालायचं राहिलं, म्हणाली, ओशाळून;
मला हायसं वाटलं, तेही तिला कळलं असावं.

मग सेन्योर ओलेगारियो. मार्चमध्ये तीन नेलेल्या.
"कुठे लावल्यात?"
रेडिओ बंद केल्याचा आवाज.
"आदोझिंदाच्या उशाशी."
मी दफनभूमीचं नाव लिहिलं, ओळ क्रमांक लिहिला.
रकाना होताच: सध्याचं ठिकाण.
"आजारी आहेत का त्या?"
"दिसत तर नाहीत."
"तीही दिसत नव्हती," तो म्हणाला.
"उपटून आणू?"
"नको. हात लावू नका. आम्ही येतो."

आम्ही गेलो, पांढऱ्या कपड्यांत, पायांत प्लास्टिक.
शेजारच्या थडग्यावरचं जिरेनियमही काढावं लागलं,
अंतरात येत होतं.
तो लांब उभा, हातात पाण्याचा डबा,
आता घालायला काही नसलेला.

जूनमध्ये सां जुआंवचा सण.
दरवर्षी आमच्याकडून चारशे मंजेरिको जातात शहरात,
चेंडूएवढी, बारीक पानांची, सब्जाच्या कुळातली,
प्रत्येकीत कागदी फूल आणि काडीवर चार ओळी.
तिचा वास नाकाने घ्यायचा नसतो,
झाड मरतं म्हणतात.
तळहात हलकेच वर टेकवायचा,
आणि मग तळहात हुंगायचा.
यंदा चारशेच्या चारशे जाळीआड.
चार ओळी खोक्यात, रबर लावून.

सणाच्या संध्याकाळी फाटकाशी ओलेगारियो.
"तिथं मोकळं दिसतं," एवढंच.
एक तरी कुंडी, असं तो बोलला नाही,
नाही असं मीही बोलले नाही.
फिर्मिनोने खोक्यातली एक चिठ्ठी दिली, कागद म्हणजे झाड नव्हे.
त्याने चष्मा शोधला, मिळाला नाही, खिशात घातली.

मी आत गेले.
बूट बुडवले, जाळीचं दार लावून घेतलं,
पहिल्या कुंडीवर तळहात टेकवला.
परत आले, हात फाटकाच्या गजांतून पुढे केला.
तो वाकला. बराच वेळ.
पलीकडे फटाके सुरू झाले होते.

हे नियमात बसतं का, बाईंना विचारलेलं नाही.
हात धुतले, कोपरापर्यंत, कागदावर लिहिलंय तसे.
वही उघडली. बाहेर गेलेली रोपं:
शून्य.