झडती

शनिवारी दुपारी नाशिकरोडहून बस धरतो,
रविवार कारंजाला उतरतो,
वाटेत मिसळ खात नाही.
तर्रीचा वास दोनदा साबण लावला तरी बोटांत राहतो,
आणि विसपुत्यांच्या दुकानातली ती पेटी
पंच्याऐंशी हजारांची आहे.

आधी किंमत विचारायची, मग हात लावायचा.
वाजवून झाल्यावर किंमत विचारणारा माणूस
नकार ठरवूनच आलेला असतो
आणि पोहे मात्र दोनदा घेतो.
अंगठी खिशात. घड्याळ खिशात.
भाता दार लोटल्यासारखा उघडायचा नाही,
झोपलेल्या पोरावरची चादर सरकवतात, तसा.
पलीकडे कोणी तंबोरा जुळवत असेल
तर आपला सा गिळून बसायचं.
आणि दहा मिनिटं.
अकरावं मिनिट उधारीचं.

हे मला कोणी शिकवलं नाही.
एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये आहे मी.
या हातांखालून इतका पैसा गेला
की शून्यं मोजायची सवयच मोडली.
संध्याकाळी फाटकावर दोन्ही हात वर,
झडती,
मग घरी भाकरी.
जे आपलं नाही त्याला हात कसा लावायचा
आणि लावलेला हात परत कसा आणायचा,
याचाच तर पगार मिळतो.

दुकानातून पहिल्यांदा निघालो तेव्हा
दारात हात आपसूक वर गेले.
वामनशेठ हसले,
"अहो गांगुर्डे, इथं कोण तपासतंय तुम्हाला!"
आणि चहा मागवला.
त्याला आता चार वर्षं झाली.

चार वर्षांत पेटीचं एकच वर्म कळलं:
मंद्र निषाद उशिरा बोलतो.
पट्टी दाबली की आधी नुसती हवा,
मग तो येतो, घोगरा,
पहिल्या पाळीला उठवल्यासारखा.
यमन धरला की पहिल्याच पावलाला थांबावं लागतं.
वामनशेठना मी हे सांगितलं नाही.
त्यांनी दुरुस्त केला असता.

द्राक्षं उतरत होती तेव्हा
पिंपळगावचे ढिकले आले,
चपलांना बागेची माती, सोबत मुलगी तेजल,
हातातल्या पिशवीत कोऱ्या गड्ड्या.
(मी ओळखल्या. बोललो नाही.)
"आपल्याला यातलं काही कळत नाही," ते म्हणाले,
"कोणीतरी वाजवून दाखवा."
वामनशेठनी माझ्याकडे पाहिलं.

भूप वाजवला तर निषाद लागतच नाही.
यमन वाजवला तर
पहिल्याच सुराला पेटी उघडी पडते
आणि पुढच्या शनिवारी इथंच असते.
मी बोटं पँटला पुसली. उगाच. ती कोरडीच होती.

भूप वाजवला.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.
अकरावं मिनिट झालं, बारावं झालं,
कोणी घड्याळाकडे बघितलं नाही.

मग मुलगी बसली.
बसण्याआधी बांगड्या काढून बापाच्या हातात दिल्या,
कोणी न सांगता.
आणि तिनं नेमका यमन धरला.

हवा.

ढिकले माझ्याकडे बघायला लागले.
वामनशेठ छताकडे.
तिनं बोट उचललं नाही.
भात्यात आणखी थोडा श्वास भरला
आणि वाट बघितली,
दाराशी आलेला पाहुणा चपला काढेपर्यंत बघतात, तशी.
तो आला.
मग रिषभ. मग गंधार.
"याला जरा वेळ लागतो," ती म्हणाली.
"लागू दे," मी म्हणालो,
"लगेच दुरुस्तीला टाकू नकोस."

पेटी गाडीत गेली, रिकाम्या कॅरेटांच्या शेजारी,
खाली गोणपाट, वर ढिकल्यांचं उपरणं.
भिंतीलगतच्या चौकोनावर धूळ नव्हती तेवढी.
चहा आला, अर्धा ठेवला.

त्या दिवशी दारात हात वर केले नाहीत मी.
कोणी झडती घेतली असती
तर सापडलो असतो.