गाळलेली ओळ

नव्या पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर
तिसऱ्या मजल्यावरची अभ्यासिका.
खुर्चीला महिना नऊशे,
खिडकीजवळची हवी तर अकराशे.
आत बोलायला मनाई,
म्हणून आम्ही गच्चीच्या जिन्यात बसतो,
मी आणि बाळनाथ गर्जे.
गाव आष्टीकडचं, नजर लहानपणीच गेलेली,
परीक्षा फेब्रुवारीत.
रविवारी मी त्याला वाचून दाखवते.

पहिल्या दिवशी भूगोलाची अकरा पानं वाचली,
एका दमात, खणखणीत.
बँकेत तीस वर्षं परिपत्रकं वाचली,
वाचणं मला काय नवीन!
तो म्हणाला, ‘मॅडम, मातीपाशी एक ओळ गाळलीत.’
‘तुला कसं कळलं?’
‘काळी माती ओल धरते म्हणालात,
मग एकदम, त्यामुळे हवा आत खेळते.
ओलीमुळे हवा कशी खेळेल?
मधे काहीतरी होतं.’

बोट फिरवत शोधलं. होतं.
*उन्हात ती आकसते, तिला भेगा पडतात.*

मग खाली वाकून, चहावाल्याला
दोन कटिंग सांगता सांगता
त्यानं सहज विचारलं,
‘बाकी तुमच्या काय लक्षात राहिलं?’

माझ्या लक्षात आलं
की गॅस नोंदवायचा राहिलाय.

अकरा पानं माझ्या तोंडातून गेली होती,
नळातून पाणी जातं तशी.
नळाला कुठे तहान असते.

घरी उशाशी एक कादंबरी आहे,
खूण म्हणून आत लाइटबिल, मार्चचं.
आता दिवाळी आली.
रोज रात्री तेच पान उघडते,
नायिका रोज त्याच जिन्यावर उभी,
बिचारीचे पाय दुखत असतील.

आता बाळनाथ मला परिच्छेदाला थांबवतो.
‘मिटा पुस्तक. सांगा.’
मी चाचरते.
शाळेत छडीखाली चाचरायची तशी,
फक्त इथे छडी नाही, समोरचा वाट बघतो,
मान किंचित तिरकी करून,
आणि त्या वाट बघण्यातच
एखादा शब्द गाळातून वर येतो.
‘तुमच्या शब्दांत सांगा, पुस्तकाचे राहू द्या.
पुस्तकाचे पुस्तकात सुखरूप आहेत.’

स्वतः तो चालता चालता ठेवतो सगळं.
खोलीपासून इथवर चारशे बारा पावलं.
रसवंतीच्या घुंगरांपाशी नद्या,
रद्दीच्या वासात जुने कायदे,
खानावळीच्या फोडणीत राज्यपालांचे अधिकार.
मोची बसायचा तिथे पंचायत राज.
‘गेल्या महिन्यात मोची पलीकडे गेला, मॅडम,
दोन दिवस मला ग्रामसभा सापडेना.’
हसला तो. मीही हसले.
मग त्यानं मोची कुठे बसतो ते विचारून घेतलं
आणि सगळी ग्रामसभा उचलून नेली.

परतीच्या बसमध्ये फोन पर्समध्ये,
पर्सची चेन लावलेली.
म्हात्रे पुलावर मी ओठ हलवत होते,
माती, ओल, ऊन, आकसणं, भेगा.
शेजारच्या बाईला वाटलं जप चाललाय,
तिनं जरा सरकून जागा दिली.
दोनदा मन निसटलं.
एकदा नदीपात्रातल्या लग्नाच्या मांडवाकडे,
एकदा काल रात्रीच्या फोनकडे.

काल बहीण वीस मिनिटं बोलत होती.
मी हं, हं, करत भाजी निवडत होते.
शेवटी ती म्हणाली,
‘त्यामुळे मी आता तिकडे राहत नाही.’
मी म्हटलं, बरं केलंस.

ओळ गाळलीस,
असं ती काही म्हणाली नाही.

थांब्यावर उतरले, घरी जाईपर्यंत दम निघेना.
पानपट्टीच्या उजेडात उभी राहून नंबर लावला.
‘मालू, कालचं परत सांग ना.
नाही गं, सगळं नको.
त्या ‘त्यामुळे’च्या आधीचं.’