अंगठीखालची जागा

गुरुवारी कूलरची टाटी बदलताना
गांधीलमाशी चावली, आणि बोट असं फुगलं
की मेयोतल्या पोरसवदा डॉक्टरनं बारीक करवत काढली.
"काका, कापावी लागेल."
बोट की अंगठी, ते पटकन बोलला नाही.

सोनं कापताना मोठा आवाज येत नाही.
सुपारी कातरल्यासारखा, बस.

अडतीस वर्षांत नागपूरच्या उन्हानं
माझं सगळं रापवून टाकलं:
मान, कान, मनगटं,
गार्डाच्या शर्टाच्या दोन बटणांमधली फटसुद्धा.
अंगठीखालचा पट्टा तेवढा
सोललेल्या शिंगाड्यासारखा पांढरा.
नर्स म्हणाली, "किती जपलं जी तुम्ही."
युनीस स्टुलावर बसली होती. काही बोलली नाही.

ऊन नाही पाहिलं त्या जागेनं, खरं आहे.
पण आमल्याच्या रनिंग रूममधल्या
साठ वॅटच्या बल्बनं
तिला एकदा पाहिलंय.

जानेवारी होता. मालगाडी सोडून सोळा तास झालेले.
रेल्वे दवाखान्यातली एक बाई
सकाळी म्हणाली होती, "संध्याकाळी चहाला या."
तिचा दोष नाही. ती चहाच म्हणाली होती.
बाकीचं सगळं मी माझ्या मनात उकळलं.
बेसिनपाशी लाल साबण लावून
अंगठी काढली. सहज निघाली तेव्हा.
खिशात शिटीला लागून खणकली.

मग कॉलबॉय आला. गाडी लागली होती.
मी वाचलो असं म्हणणार नाही.
गाडी लागली, एवढंच.

आणि आता शनिवारी
सदरच्या चर्चच्या हॉलमध्ये चार जोडपी बसणार,
लग्नाआधीच्या वर्गाला.
पारधे पाद्रीसाहेबांनी मला विषय दिलाय: शुद्धता.
का, तर मी अडतीस वर्षं एकाच बायकोचा.

परतताना रामझुल्यावर ऑटो अडकला.
खालून मालगाडी जात होती.
सवयीनं डबे मोजले. अठ्ठावन्न.
शेवटचा डबा गेल्यावर युनीसला सांगितलं,
आमला, साबण, शिटी, सगळं.

"माहीत आहे," ती म्हणाली.
"नक्षीत साबण वाळला होता.
घरी तुम्ही कधी अंगठी काढून हात धुतला नाही."

सव्वीस वर्षं! आणि रोज डबा भरून दिला हिनं.

मग समोरच्या ट्रकच्या पाटीकडे बघत म्हणाली,
"त्याच वर्षी मी शाळेतून लेंड्रा पार्कवरून घरी यायची.
लांबचा रस्ता.
चित्रकलेचे एक सर सायकल हातात धरून
सोबत चालायचे. पाच दिवस.
सहाव्या दिवशी मी जवळच्या रस्त्यानं आले, आणि रडले.
तुमच्यासाठी नाही हं.
त्या रस्त्याला झाडं होती म्हणून."

ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला.
आम्ही दोघंही पुढेच पाहत राहिलो.
तिचा हात माझ्या सुजलेल्या बोटाजवळ होता,
लागू नये इतका जवळ.

काय सांगू मी त्या पोरांना?
की वेदीपाशी मी वचन दिलं ते मोठ्या आवाजात,
नवा सूट घालून, मावश्या रडत असताना,
आणि ते सोपं होतं?
की खरं वचन मागतो तो प्रभू
बेसिनपाशी, कोणी नसताना,
आणि तिथं मी ते दिलं नव्हतं?
की त्यानं मला तरी घरी पाठवलं,
अठ्ठावन्न डब्यांच्या मागे, हिरवा दिवा हातात घेऊन?

रात्री युनीसनं चुना लावला,
माशी चावली तिथं.
पांढऱ्या पट्ट्याला हात लावला नाही.
कापलेली अंगठी काडेपेटीत ठेवली,
काड्या काढून न टाकताच.
उद्या गच्चीवर गहू वाळत घालायचे आहेत.
तिथं ऊन लागेल त्या जागेला. लागू दे.

दिवा मालवल्यावर म्हणाली,
"शनिवारी माझंही सांगा."
थोड्या वेळानं, कुशीवर वळून,
"पण झाडांचं सांगू नका."