छाट

चौथी ब. त्रेचाळीस वह्या.
विषय : माझी आई.
शाळा सुटली तरी खिडकीबाहेर
मागांचा खडखडाट सुटत नाही.
अशोक चौकापर्यंत ऊन तसंच पडून.

बेचाळीस आया गोऱ्यापान,
पहाटे उठतात, तुळशीला पाणी घालतात,
बेचाळीस आयांच्या हातचे लाडू
एकाच गाइडातून वळलेले.
दहापैकी सात. सात. आठ. सात.

मग नागमणी येलदीची वही.
कव्हराला विडीच्या लेबलांचा उलटा कागद.

"आई मोजतं. हजार मोजतं.
मोजताना बोलायचं नाही.
बोललं की परत एकपासून मोजतं.
भिजलेला पाला कापतं, दोरा गुंडाळतं,
झोपेत पण बोटं हालवतं.
कारखान्यात चेकर छाट काढतो.
चांगल्या विड्या पण छाटमधी टाकतो.
आई गप.
येताना मला वडा घेतं."

लाल पेन हातातच होतं.
मोजतं, कापतं, गुंडाळतं...
सात क्रियापदं, सात गोल.
गोल छान येतात मला. अठरा वर्षांचा सराव.
तक्त्यात हस्ताक्षर, शुद्धलेखन, मुद्दे, समारोप.
समारोपाच्या रकान्यात वडा बसेना.

चहा ओतता ओतता गुर्रमबाई वाकून बघत म्हणाल्या,
"आमच्या तेलुगूत असंच असतंय हो.
बाई, गाय, पाऊस, माग,
सगळ्यांना एकच शेपूट.
पुरुषाला तेवढं वेगळं."
आणि बशीतला चहा फुंकत राहिल्या,
जणू काही विशेष बोललंच नव्हतं कुणी.

मी पुन्हा वाचलं.
अख्ख्या पानात दोनच क्रियापदं
माझ्या गोलांतून सुटलेली :
काढतो. टाकतो.
दोन्ही चेकरची.

लाल शाई खोडता येत नाही.
ब्लेडनं खरवडून पाहिलं एक गोल,
कागद फाटायला आला, ‘मोजतं’मधला ज गेला.
तसंच ठेवलं.
गुण पेन्सिलीनं घातले, नऊ,
मग हेडमास्तर विचारतील म्हणून
बराच वेळ नुसती त्या नवाकडे बघत बसले.

सकाळी वही दिली.
ती बाकावर बसली, पान उघडलं,
नवाकडे पाहिलंच नाही.
एकेका गोलावर बोट ठेवत गेली, ओठ मिटून.
मोजताना बोलायचं नाही,
म्हणून मीही थांबले.

मग तिनं मान वर केली.
"बाई, सात छाट?"