झाळ

थोरल्या दवाखान्यात खिडकी क्रमांक चारवर
मी अकरा महिन्यांचा माणूस.
बाराव्या महिन्यातला एक दिवस मी कुणीच नसतो,
दुसऱ्या दिवशी परत रुजू. तीच खुर्ची,
तिचा एक पाय अजून पुठ्ठ्यावर टेकलेला.

माझ्याकडे माणसं येत नाहीत, चिठ्ठ्या येतात.
चिठ्ठीवर वाट दिसते:
रेंदाळचं उपकेंद्र, निळी शाई, सिस्टरचं गोल अक्षर;
हुपरीचं केंद्र, शिक्का उलटा;
हातकणंगल्याला कुणीतरी घाईत लिहिलेलं,
‘तज्ज्ञ उपलब्ध नाहीत. पुढे पाठवले आहे.’
पुढे म्हणजे माझ्याकडे.
माझ्यापुढे काच, आणि काचेला
हात घालण्यापुरतं अर्धगोल भोक.

मंगळवारी त्या भोकातून रत्नव्वा भोजेचा हात आला.
“सातला आलोय बघ लेकरा. धाप लागती.”
चौतीस वर्षं पैंजणाच्या कड्या जोडल्या तिनं,
घरातच, चुलीच्या अंगाला, फुंकणीनं झाळ देत.
कारखाना नाही, म्हणून कामगार नाही;
कामगार नाही, म्हणून विम्याचं कार्ड नाही.
राहिली योजना.
योजनेचं टेबल जिन्याखाली. तिथला संगणक म्हणाला,
रेशनकार्डावर रत्नव्वा, आधारवर रत्नाबाई,
या दोन बाया आहेत.

ती हसली.
“एकीला तरी बघा की मग.”

डॉक्टर मुळजकर, उदगीरची पोरगी, दोन रात्रींची जागी,
पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिली.
म्हणाली, छातीचा सीटी काढू.
आमचं मशीन दुरुस्तीला आहे.
कुणी म्हणतं पुण्याहून माणूस निघालाय, कुणी म्हणतं निविदा.
बाहेर, राजारामपुरीत, काढून मिळतो. रोख.
दाखल असलात तर योजनेतून होईल.
दाखल व्हायला खाट लागते.
खाट सीटी बघून देतात.
हे मी तिला तीनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा मलाच ते बरोबर वाटायला लागलं.

रत्नव्वा म्हणाली, “पैंजणात शंभर कड्या धर.
नव्व्याण्णवला झाळ नीट दिली आन् एक ऱ्हायली,
तर बाई रस्त्यात वाकून चांदी हुडकत बसती.
तुमच्यात झाळ कोण देतंय?”

मी वरच्या मजल्याकडे बोट केलं.
वरच्या मजल्यावर मुंबईकडे बोट करतात.
मुंबई कुणाकडे करते, ते या खिडकीतून दिसत नाही.

शेवटी अंगठा.
मशीनवर ठेवला, लाल. पदराला पुसून ठेवला, लाल.
उजवा, डावा, शेजारचं बोट: लाल.
तिनं हात उलटा करून काचेला लावला.
तेजाबानं, आगीनं बोटं गुळगुळीत झालेली,
पंचगंगेतल्या गोट्यांसारखी.
सरकारला हव्या असलेल्या रेषा
कुठल्या कुठल्या गावांत
बायकांच्या पायांत वाजत होत्या.

मी जुनं रजिस्टर काढलं, ज्याची आता गरज नाही म्हणतात.
पेनानं लिहिलं: रत्नव्वा ऊर्फ रत्नाबाई भोजे,
वय एकसष्ट, एकच बाई.
‘एकच बाई’खाली दोनदा रेघ मारली.
शिक्का मारला. तो चालतो की नाही,
मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

संध्याकाळी वॉर्डात डोकावलो.
खाट नव्हती, दोन खाटांमध्ये गादी होती.
नाकाला नळी, आणि हात लांब करून ती
शेजारणीच्या पायातलं पैंजण चाचपत होती.
“हे माझं न्हाई,” मला बघून म्हणाली,
“झाळ कच्ची हाय. आवाजावरनंच कळतंय.”

तीस तारखेला माझे अकरा महिने संपतात.
अंगठ्याच्या मशीनच्या काचेवर
तिच्या बोटांची चांदीची भुकटी
अजून बारीक चमकते.
पुसायचं फडकं माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे.